नऊ टक्के घर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, तेव्हा नमस्कार तत्त्वतः पूर्ण आणि प्रत्यक्षात अर्धा समजावा.) इकडचं सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण ते पुढील तपासणीच्या अधीन राहून वाच. तुझा डावा गुडघा आता कसा आहे? मला कसं कळलं म्हणशील. भाऊजींच्या फ्रेमच्या दुकानाचं करविवरण अजून मीच भरतो (बायको रुसली म्हणून हिशेबनीस बदलायचा नसतो, असं भाऊजींचं म्हणणं), आणि ते दरवर्षी बिलांचा गठ्ठा जसाच्या तसा पाठवून देतात. त्यात धंद्याचं कुठलं आणि घरचं कुठलं हे बघायची तसदी ते घेत नाहीत. यंदाच्या गठ्ठ्यात डाव्या गुडघ्याच्या एक्स-रेचं बिल निघालं. सायकलवरून पडलीस तेव्हाचा उजवा होता, म्हणजे हा नवीन आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय हेही कळलं. गेल्या वर्षी तुम्ही समुद्राकाठी दोन रात्री राहिलात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच छत्री विकत घेतलीत, म्हणजे सहलीचा बट्ट्याबोळ झाला असणार. त्याच्या आदल्या वर्षी एका केकचं बिल होतं, त्यावर साठचा आकडा लावायचे वेगळे पैसे घेतले होते. केकवाल्याने लुटलं तुम्हाला. तरी त्या दिवशी मी इकडे कॅल्क्युलेटरवर साठ दाबून थोडा वेळ तसाच ठेवला होता. चार वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, पण तुझी सगळी खबर माझ्याकडे पावतीसकट आहे. (यातलं एकही घरगुती बिल मी धंद्याच्या खर्चात घातलेलं नाही. हे भाऊजींना सांगू नकोस, त्यांची समजूत आहे की मी घालतो.)

पत्राचं कारण सावकाश सांगतो. आमच्या धंद्यात महत्त्वाचं ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, आणि चौतीस वर्षांची सवय आता जायची नाही. आधी धंद्याची हालहवाल. यंदा सरकारने करकायदा सोपा केला. तो सोपा झाल्यापासून मला झोपेची गोळी लागते. पूर्वी चार पानी असलेलं विवरण आता एकोणीस पानी झालंय, आणि ते किती सोपं आहे हे समजावणारी पुस्तिका दोनशे बारा पानांची आहे. वर्षभरात तिच्यात तीनदा दुरुस्ती झाली. तिसरी दुरुस्ती म्हणजे पहिली मागे घेणं होतं, पण मधल्या काळात ज्यांनी भरलं ते दुसरीने बांधलेले राहिले. माझी एक अशील आहे, केस कसे वाळवावेत याचे व्हिडिओ करते. कंपन्या तिला केस वाळवायची यंत्रं फुकट पाठवतात. यंदा अकरा आली. नव्या नियमाने फुकट आलेली वस्तू म्हणजे उत्पन्न, तेही बाजारभावाने. तिने विचारलं, काका, डोकं एकच आहे, तर उरलेल्या दहांवर सूट नाही का? मी पुस्तिका पालथी घातली, डोक्यांबद्दल काही नाही. दुसरे एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी आपोआप हिशेब लिहिणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्याने दातांवर बसवायच्या सोन्याच्या टोप्या दागिन्यांच्या खात्यात टाकल्या, मग करखात्याच्या पोर्टलने डॉक्टरांना नोटीस धाडून विचारलं की एवढे दागिने कोणासाठी घेतले. ती नोटीस नेमकी त्यांच्या बायकोने उघडली. पुढचं सांगत नाही, व्यावसायिक गुप्तता आहे.

तुला वाटेल, मजेत आहे की हा. पण ताई, हे सगळं मला कळतं ते ईमेलवरून. तुला आठवत असेल, पूर्वी शेवटच्या तारखेच्या आधीचा महिनाभर आपल्या जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची. लोक पिशव्या भरभरून बिलं घेऊन पायऱ्यांवर बसलेले असायचे. आई वरून ओरडायची की निदान एक पायरी मोकळी ठेवा. बिल देता देता माणसं बाकीचंही देऊन जायची. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोण भावाशी कोर्टात गेलं, हे मला आकड्यांच्या आधी कळायचं. आता लोक बिलाचा फोटो काढतात आणि तो फोटो परस्पर माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडतो. टिंग असा आवाज होतो. दिवसाला साठ-सत्तर टिंग होतात, आणि संध्याकाळी माझ्या लक्षात येतं की सकाळपासून आपण तोंड उघडलं ते फक्त जांभई द्यायला. प्रत्यक्ष येणाऱ्या अशील म्हणून आता एकट्या खालच्या बेकरीवाल्या बाई उरल्यात, त्याही त्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यात पीठ गेलंय म्हणून. तो दुरुस्त होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

करखात्याच्या पोर्टलवर एक यांत्रिक मदतनीस आहे. काहीही विचारलं की तो आधी म्हणतो, तुमची अडचण मी समजू शकतो. मला बरं वाटतं. शेवटी विचारतो, आणखी काही मदत करू का? एका रविवारी मी त्याला लिहिलं की तसं काही नाही, सहज आलो होतो. त्याने मला विलंबशुल्काच्या तक्त्याची लिंक पाठवली. (तरी मी संभाषणाला पाचपैकी पाच तारे दिले.)

आता मूळ भानगड. नव्या कायद्यात घरातून काम करणाऱ्यांसाठी एक सवलत आहे. घराचा जेवढा भाग कामाला वापरता, तेवढ्या टक्क्यांनी वीज, पाणी, घरपट्टी धंद्याच्या खर्चात दाखवता येते. कोणी मोजत बसत नाही, सगळे पंचवीस टक्के लिहितात. मी स्वतः तीनशे लोकांना सांगितलं, पंचवीस लिहा आणि गप्प बसा. मग माझं स्वतःचं विवरण भरायची वेळ आली आणि माझ्यातला किडा वळवळला. म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांची मापं काढली, आपलं एकदा खरं माप काढू. टेप घेतला आणि घर मोजायला लागलो. एकूण सहाशे चाळीस चौरस फूट. पुढची खोली म्हणजे ऑफिस, त्यात वाद नाही. बोळात कपाटं, फायलींची. स्वयंपाकघरात टेबलावर दुसरा कॉम्प्युटर आहे, गॅसवर होतो तो बहुतेक चहाच, आणि चहा हा अशिलांसाठी (जे येत नाहीत, पण नियमात हेतू बघतात). झोपायच्या खोलीत तीन भिंतींना फायली. आईच्या खोलीत खालपासून वरपर्यंत फायली. मी प्रामाणिकपणे वजाबाकी करत गेलो आणि घर म्हणून उरलं ते चाळीस फुटांचं न्हाणीघर आणि सहा बाय तीनची माझी खाट. अठ्ठावन्न चौरस फूट, नऊ टक्के. मी कामाच्या रकान्यात एक्क्याण्णव लिहिलं, सही ठोकली आणि पाठवून दिलं. इतकं स्वच्छ विवरण आयुष्यात भरलं नव्हतं. त्या आनंदात अंडं उकडून खाल्लं.

आठव्या दिवशी नोटीस. पुस्तिकेच्या एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर तळटीप आहे (जी मी अशिलांना नेहमी वाचून दाखवतो), की कामाचा भाग नव्वद टक्क्यांच्या वर गेला तर ती जागा घर धरली जात नाही. ती व्यावसायिक जागा ठरते. म्हणजे मागच्या चार वर्षांचा कर व्यावसायिक दराने, वर दंड, आणि तेवढ्यावर भागत नाही. व्यावसायिक जागेत कोणाला राहता येत नाही. म्हणजे ज्या घरात आपण दोघं रांगायला शिकलो, तिथे मी आता ऑफिसात बेकायदा झोपणारा इसम झालो. खुलासा महिनाअखेरपर्यंत द्यायचा, नाहीतर घर कागदोपत्री घर राहणार नाही. पैसे मी भरले असते गं. पण कोणीतरी लिहून द्यावं की इथे कोणी राहत नाही, आणि ते आपल्याच सहीच्या कागदावरून सिद्ध व्हावं, हे लागलं मला. दोन दिवस मी त्या नोटिशीकडे बघत बसलो, कारण खरं सांगायचं तर तिच्यात मला एकही चूक सापडेना.

त्या नोटिशीत खाली एक चौकोन असतो, समक्ष भेट हवी असल्यास खूण करा. हा चौकोन कोणी भरत नाही. चौतीस वर्षं मी लोकांना बजावत आलो की बाबांनो, घराला आग लागली तरी त्या चौकोनात खूण करू नका, माणूस येतो आणि मग सगळंच बघतो. मी खूण केली. का केली म्हणून विचारशील तर, माणूस येतो म्हणूनच केली.

मोजणी अधिकारी म्हणून एक तरुण बाई आली. तिच्याकडे लाल ठिपका टाकून मोजायचं यंत्र होतं. तिने प्रत्येक भिंतीवर ठिपका टाकला आणि म्हणाली की माझ्या टेपच्या मापात अर्ध्या इंचाचीही चूक नाही. (चार वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी, तीही माझ्याविरुद्धच्या पुराव्यात.) मग तिने निवासाच्या चिन्हांची यादी काढली, चौदा कलमं. दात घासायचा ब्रश, एक, मान्य. झाडं, नाहीत. ओव्हन उघडला तर त्यात बंद झालेल्या कंपन्यांच्या फायली. फ्रिजमध्ये दूध, चार अंडी आणि प्रिंटरची शाई. (थंडीत टिकते असं कोणीतरी सांगितलं होतं. टिकत नाही.) कौटुंबिक छायाचित्रे या कलमावर मी म्हणालो की एक आहे, पण दिसेना. शेवटी तिनेच मुदतींचं कॅलेंडर उचललं, त्याच्या मागे तो फोटो होता. भाऊजींनी फ्रेम करून दिलेला, आई आणि आपण दोघं. तिने विचारलं, यात तुम्ही कुठले? म्हटलं, ज्याचा कान धरलाय तो.

बारावं कलम म्हणजे पाहुण्यांची खोली. मी आईच्या खोलीचं दार उघडलं. उघडलं म्हणजे जेवढं उघडायचं तेवढं, कारण आतून खोकी लागायची. आई गेल्यावर महिनाभर मी त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. मग एक दिवस तिथे दोन खोकी ठेवली, उगीच, जागा नव्हती म्हणून. जागा होती. ती खोली रिकामी बघवत नव्हती एवढंच. मग चार ठेवली, मग कपाट. शेवटी खिडकीही दिसेनाशी झाली. आणि गंमत बघ, हीच एक खोली दीडशे फुटांची. ती घर म्हणून धरली तर माझे एक्क्याण्णवचे सदुसष्ट टक्के होतात आणि सगळं प्रकरण मिटतं. मी त्या बाईंना सांगून टाकलं की ही पाहुण्यांचीच खोली आहे. लगेच तिने तेरावं कलम वाचलं, मागील बारा महिन्यांत जेवलेल्या वा मुक्कामी राहिलेल्या व्यक्ती. मग कागद बाजूला ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं,

"शेवटचं कोण जेवायला आलं होतं तुमच्याकडे?"

ताई, मी आठवत राहिलो. शेवटी म्हणालो, नळवाल्याने एक केळं खाल्लं होतं. तिने विचारलं, तुम्ही दिलेलं? (अधिकाऱ्याला असंच विचारावं लागतं, त्यात तिचा दोष नाही.) खोटं बोलता आलं असतं. पण केळं त्याचंच होतं. तिने तेराव्या कलमापुढे एक आडवी रेघ मारली. आयुष्यात मी लाखो रेघा मारल्या असतील, पण ही एवढीशी रेघ मला फार लांब वाटली.

मग मी म्हटलं, चहा तरी घ्या. घरात कप एकच. दुसरा होता, त्यात पेनं ठेवली होती. ती काढून कप तीनदा घासला, तरी पहिल्या घोटाला तिचा चेहरा निळी शाई प्यायल्यासारखाच झाला. पण तिने सगळा संपवला. जाताना एक कोरा फॉर्म ठेवून गेली आणि म्हणाली, जवळचं कोणी असेल तर त्यांच्याकडून भरून घ्या.

आता तू म्हणशील, जवळचं कोणी यात मी कुठे बसते? रास्त आहे. आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी तुला तिच्या आजारपणाच्या खर्चाचा तक्ता पाठवला. तारीख, तपशील, तुझे, माझे, फरक. औषधं, नर्स, ऑक्सिजन, रिक्षा, संत्री. खाली चिठ्ठी लावली, कृपया तपासून सही करावी. तू फरकाची रक्कम शेवटच्या नाण्यापर्यंत पाठवलीस आणि त्यानंतर काहीच नाही. आमच्या धंद्यात रक्कम आली आणि हरकत आली नाही की खातं मिटलं समजतात. मला खरंच वाटलं की तक्ता तुला आवडला. मी तुझ्या शाबासकीची वाट बघत होतो. दोन वर्षं बघितली. मग एकदा बेकरीवाल्या बाईंना सहज बोललो की बहीण अलीकडे लिहीत नाही, का कोण जाणे, आईच्या खर्चाचा इतका नेटका हिशेब पाठवला होता मी. त्यांनी हातातली बिलं खाली ठेवली.

"आईचा हिशेब? बहिणीला?" म्हणाल्या.

त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर इतका उशीर झाला होता की काय लिहावं सुचेना. लहानपणी तू माझी रंगीत पेन्सिल घेतलीस की मी तुझ्याकडून चिठ्ठी लिहून घ्यायचो, म्हणून तू माझं नाव पावती ठेवलंस. घरात सगळे हसायचे, मीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळतंय.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार सांग, आणि पुढल्या गठ्ठ्यात दुकानाच्या भाड्याच्या पावत्या पाठवायला सांग, दरवर्षी विसरतात. गुडघ्याला शेक देत जा. बिलावरून डॉक्टर महागडे वाटतात, पण बरे असावेत.

तुझा धाकटा,
पावती

ता. क. पत्राचं खरं कारण. सोबत तो फॉर्म जोडला आहे. घरात न राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाने लिहून द्यायचं असतं की गेल्या बारा महिन्यांत मी या घरी जेवले आणि किमान दोन रात्री मुक्कामाला होते. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. तारीख कोरी ठेव, मी घालीन. एवढं केलंस तर हे घर घर राहील.

ता. क. २. वरचं वाचून झालं असेल तर सही करू नकोस. चार वर्षांत तू इथे आलेली नाहीस, आणि खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. चौतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय, आता सख्ख्या बहिणीला कसं अडकवू? तेव्हा कायदेशीर मार्ग एकच उरतो. आधी तुला यावं लागेल, दोन रात्री राहावं लागेल, आणि जेवावं लागेल. सही नंतर.

ता. क. ३. तो जुना तक्ता पुन्हा तपासला. बेरजा बरोबर आहेत. पण एक रकाना राहिला होता. आई आजारी होती तेव्हा तू दर शनिवारी येत होतीस. सहा तास बसने यायचं, आईजवळ बसायचं, तिचे केस विंचरायचे, रविवारी पुन्हा सहा तास. मी जुन्या कॅलेंडरवर मोजले, एकसष्ट शनिवार. बसची तिकिटं तू कधी मागितली नाहीस म्हणून मी ती धरली नाहीत, आणि बाकीच्याला रकाना कसा करायचा ते मला येत नव्हतं, म्हणून मी तो केलाच नाही. नाहीतर फरक माझ्याकडून निघाला असता, आणि तो मला फेडता आला नसता. माझं चुकलं, ताई. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

ता. क. ४. आता आलंच आहे तर तेही सांगतो. पत्र लिहायला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी खात्याचा निकाल आला, तो समोरच आहे. प्रकरण बंद झालं. त्यात त्या बाईंनी लिहिलंय, 'तपासणीच्या वेळी करदात्याने पेने ठेवण्याचा कप रिकामा करून व धुऊन त्यातून चहा दिला. कार्यालयात पाहुण्यासाठी असे कोणी करत नाही. सबब सदर जागा घर असल्याचे मान्य.' तेव्हा तुझ्या सहीची तशी काही गरज उरलेली नाही. फॉर्म फाडून टाकलास तरी चालेल. पण तू ये. आईच्या खोलीतली खोकी मी काढली, तीन दिवस लागले, खिडकी पुन्हा उघडते. दोन कप आणि दोन ताटं आणली. काल पलंगही आणला, जरा उंच बघून घेतला, तुझ्या गुडघ्यासाठी. दुकानदार पावती फाडत होता. मी म्हटलं, राहू द्या, घरचं आहे.